मास्तरांचा चष्मा काउंटरवरच राहिला

पत्र थोडक्यात, ओळख लपवून:

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून लिहिणारी ही वाचक २८ वर्षांची, डी.फार्म झालेली. लग्नाला दोन वर्षं झालीत. सासऱ्यांचं, म्हणजे अण्णांचं, मेडिकल एकतीस वर्षांचं आहे. अण्णा स्वतः फार्मासिस्ट नाहीत, आधी एका रिटायर्ड फार्मासिस्टचं नाव लायसनवर होतं, ते वारले आणि आता सूनबाईंचं नाव लागलंय, सर्टिफिकेट फ्रेम करून गल्ल्याच्या वर टांगलंय. मागच्या शुक्रवारी संध्याकाळी, ऐन गर्दीत, गावातले एक रिटायर्ड शिक्षक अल्प्राझोलामची, म्हणजे झोपेच्या गोळीची, रिकामी स्ट्रिप घेऊन आले. तिच्या नवऱ्यालाही त्यांनीच शिकवलंय, गावात सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. हिनं चिठ्ठी मागितली. त्यांच्याकडे २०१७ सालच्या चिठ्ठीची झेरॉक्स होती, घड्या पडून पडून अक्षरं गेलेली. ही चार माणसांसमोर म्हणाली, यावर देता येणार नाही, नवीन लिहून आणा. मास्तर काही न बोलता गेले, हात थरथरत होता, आणि चष्मा काउंटरवरच विसरले. तो अजून हिच्या ड्रॉवरमध्ये आहे. रात्री अण्णांनी जेवणाच्या ताटावरच सुनावलं की तीस वर्षांत मी एका म्हाताऱ्याला असं परत पाठवलं नाही, हे नियम नशा करणाऱ्या पोरांसाठी असतात, आणि झालंच काही तर पंधरा दिवस लायसन सस्पेंड होईल, त्यात काय. नवरा दोन्हीकडे मान हलवतो. तिचा प्रश्न: माझं चुकलं का? कायदा बघू की माणुसकी? आणि हे असंच चालणार असेल तर हे दुकान सोडून बाहेर नोकरी धरू का?

अगं, पत्र वाचल्या वाचल्या मी तुला मेसेज टाकला होता की आधी मास्तरांच्या घरी कुणीतरी जा, बाकीचं सावकाश बोलू. तेच इथे परत लिहिते कारण हे वाचणाऱ्यांत तुझ्यासारखे मेडिकलवाले असणार आणि मास्तरांसारखी माणसं तर प्रत्येक गल्लीत आहेत. अल्प्राझोलाम वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्याची गोळी एकदम तुटली तर नुसती झोप उडत नाही, घाम फुटतो, छाती धडधडते, हातापायाला कंप सुटतो आणि काही जणांना फिटसुद्धा येते. तू लिहिलंयस की त्यांचा हात थरथरत होता आणि तुला वाटलं अपमान झाला म्हणून. असेलही. पण रिकामी स्ट्रिप घेऊन आलेला माणूस, गोळी कधी संपली ते तू विचारलं नाहीस, आदल्या दिवशीच संपली असेल तर ती थरथर अपमानाची नसेल.

म्हणजे माझं मत तुला कळलंच असेल. गोळी दिली नाहीस ते बरोबर केलंस, त्यात मला काडीचीही शंका नाही. पण 'देता येणार नाही' म्हणून तू पुढच्या गिऱ्हाइकाची पॅरासिटामॉल काढायला वळलीस ना, तिथे चुकलं. त्यांना बाजूच्या स्टुलावर बसवून, पाणी देऊन, रोज किती घेता, शेवटची कधी घेतली, कोणत्या डॉक्टरांनी चालू केली होती, एवढं विचारायला पाच मिनिटं लागली असती. आणि मग डॉक्टरांना फोन. तुझ्याच पत्रात आहे की जवळचा दवाखाना साडेआठपर्यंत उघडा असतो. मास्तर आले होते सात वाजता.

आता तू पत्रात तीन वेळा लिहिलंयस की एकीकडे कायदा आणि एकीकडे माणुसकी. ही वाटणीच मला पटत नाही, आणि अण्णांच्या वाट्याला माणुसकी आणि तुझ्या वाट्याला कायदा ही तर अजिबातच नाही. जरा हिशोब कर. २०१७ च्या चिठ्ठीवर काय होतं ते तूच लिहिलंयस, ०.२५ ची एक गोळी, रात्री, पंधरा दिवस. त्यांची बायको गेली तेव्हा झोप लागेना म्हणून दिलेली. आज मास्तर ०.५ च्या दोन घेतात. मधल्या आठ वर्षांत एकाही डॉक्टरनं त्यांना या गोळीसाठी तपासलेलं नाही, मग पंधरा दिवसांचे आठ वर्ष आणि पावचे एक मिलिग्रॅम कुणी केले? कुणी म्हणजे कुणीच नाही केले, ते काउंटरवर आपोआप झाले. 'अण्णा, हल्ली एकानं भागत नाही', 'बरं, मोठी घेऊन जा'. यात अण्णांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन, मी स्वतः सव्वीस वर्षं काउंटरला उभी राहिलेय आणि माझ्या हातूनही असं झालेलं आहे. पण पंच्याहत्तरीच्या माणसाला ही गोळी म्हणजे रात्री बाथरूमला उठला की तोल जाणं, खुब्याचं हाड, विसराळूपणा, हे सगळं सोबत घेऊन येते, आणि जोडीला कुणी संध्याकाळी थोडी दारू घेणारा असेल तर श्वासावरच बेततं. डॉक्टरकडे गेले असते तर कुणीतरी निदान विचारलं असतं की अजून का चालू आहे. त्या माणसाला आठ वर्षं कुणी ते विचारलंच नाही, आणि चिठ्ठीच्या नियमामागचं कारण म्हटलं तर एवढंच आहे.

नियम काय आहे ते तू शिकलीयेस, पण डी.फार्मच्या पुस्तकातला नियम आणि दुकानातला नियम यात फरक पडतो म्हणून माझ्या भाषेत सांगते. अल्प्राझोलाम शेड्यूल एच१ मध्ये आहे, ही यादी १ मार्च २०१४ पासून लागू झाली तेव्हा तिच्यात ४६ औषधं होती. भारीतली अँटिबायोटिक्स आणि टीबीची औषधं बरीच, आणि त्यांच्याबरोबर सवय लावणारी, म्हणजे अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम, ट्रामाडॉल, कोडीन, ब्युप्रेनॉर्फिन. स्ट्रिपवर लाल चौकट असते ती यांचीच. एच१ विकताना वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. झालं. चार रकाने आहेत गं, त्याला अण्णा 'सरकारी जाच' म्हणतात पण उधारीची वही ते याच्या दुप्पट रकाने आखून लिहितात, हे मी न बघता सांगू शकते.

आणि चिठ्ठी म्हणजे नुसता कागद नाही, तिच्यावर डॉक्टरची सही आणि तारीख पाहिजे, पेशंटचं नाव-पत्ता पाहिजे, एकूण किती गोळ्या आणि कशा घ्यायच्या ते पाहिजे. 'टॅब अल्प्रॅक्स, सीटी ऑल', म्हणजे सगळं आहे तसं चालू ठेवा, असं लिहिलेल्या चिठ्ठ्या तू रोज बघत असशील. त्यावर एकूण गोळ्या लिहिलेल्या नसतात, आणि मग पेशंट म्हणतो महिन्याच्या द्या. अशा वेळी फोन करून विचारायचं आणि डॉक्टरांना पुढच्या वेळेपासून लिहायला सांगायचं, डॉक्टर चिडत नाहीत, निदान दुसऱ्यांदा चिडत नाहीत.

आता अण्णांचं 'पंधरा दिवस लायसन सस्पेंड'. हे त्यांना तू सांग असं मी म्हणत नाही, नवऱ्याला वाचायला दे. अल्प्राझोलाम फक्त ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स कायद्याच्या यादीत असती तर गोष्ट वेगळी. ती १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याच्या यादीतही आहे, सायकोट्रॉपिक म्हणजे मनावर परिणाम करणारी म्हणून, म्हणजे गांजा-चरस ज्या कायद्यात येतो त्याच कायद्यात. त्यात अल्प्राझोलामची 'कमी मात्रा' धरलीय ५ ग्रॅम आणि 'व्यापारी मात्रा' १०० ग्रॅम. ऐकायला वाटतं की अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीनं पाच ग्रॅम व्हायला दहा हजार गोळ्या लागतील. तिथेच बरेच मेडिकलवाले फसतात. सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये सांगितलं की मिसळलेल्या पदार्थासकट सगळं वजन धरायचं, आणि गोळीत अर्धा मिलिग्रॅम औषध असलं तरी बाकी पावडर धरून आख्खी गोळी शंभर मिलिग्रॅमच्या आसपास भरते. दहाची स्ट्रिप एक ग्रॅम. म्हणजे पाच-सहा स्ट्रिपा झाल्या की 'कमी मात्रे'च्या रेषेजवळ पोचलोच, आणि त्यापुढे शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. चिठ्ठीवर, लायसनवर, रजिस्टरला लिहून विकणाऱ्याला याची भीती नाही, कायद्यानंच औषधोपचारासाठी वाट ठेवलीय. पण चिठ्ठीशिवाय विकलेल्या मालाला ती वाट वापरता येत नाही, मग तो मास्तरांना विकला की कोपऱ्यावरच्या पोराला विकला हे कोर्टात सिद्ध करत बसायला लागतं. मालेगावकडे याच गोळीला कुत्ता गोळी म्हणतात, तिथल्या पोलिसांना विचार 'ओळखीच्या माणसाला दिली' हे वाक्य त्यांनी किती वेळा ऐकलंय.

ड्रग इन्स्पेक्टर पकडतो कसा हेही सांगते, कारण अण्णांना वाटत असणार की काउंटरला उभा राहून कुणी बघणार आहे थोडंच. तो काउंटरला बघतच नाही. तो तुझी खरेदीची बिलं काढतो, समजा तीन महिन्यांत स्टॉकिस्टकडून साठ स्ट्रिपा आल्या, कपाटात पंधरा शिल्लक आहेत, रजिस्टरला बावीस दिसतायत, तर मग उरलेल्या तेवीस कुठायत? एवढं गणित करायला त्याला वीस मिनिटं लागतात, चहा येईपर्यंत होतं. शिवाय आता बऱ्याच जिल्ह्यांत अशी औषधं ठेवणाऱ्या दुकानांना कलेक्टर ऑफिसनं सीसीटीव्ही लावायला सांगितलंय.

आणि यात सगळ्यात पुढे कुणाचं नाव आहे? भिंतीवर फ्रेममध्ये कुणाचं सर्टिफिकेट आहे? औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टच्या देखरेखीखाली द्यायचं असतं, म्हणजे तू स्वयंपाकघरात कुकर लावायला गेलीस आणि अण्णांनी झोपेची गोळी काढून दिली, तर ती कागदावर तू दिलेली आहेस. तू लिहिलंयस की दुपारी एक ते चार तू घरी असतेस आणि दुकान चालू असतं. मला मास्तरांच्या प्रसंगापेक्षा या तीन तासांची जास्त काळजी वाटली, खरं सांगायचं तर. भाड्यानं सर्टिफिकेट लावणाऱ्यांना आपण नावं ठेवतो, पण दुपारचे तीन तास तुझं सर्टिफिकेट घरातल्या घरात भाड्यानंच लागलंय की.

बरं, घाबरवणं पुरे. मला जे मुख्य सांगायचंय ते हे की नियमात 'नाही'बरोबर 'हो'सुद्धा लिहिलेलं आहे आणि तेवढा भाग कुणी वाचत नाही. एक चिठ्ठी एकदाच चालते, बरोबर, पण डॉक्टरनं चिठ्ठीवरच लिहिलं की ही तीन वेळा द्यावी, किंवा दर तीस दिवसांनी द्यावी, तर तू ती तेवढ्या वेळा देऊ शकतेस. कायदेशीर. म्हणजे मास्तरांना दर महिन्याला दवाखान्यात रांगेत बसायची गरज नाही. तीन महिन्यांतून एकदा डॉक्टरांनी बघायचं, चिठ्ठीवर तसं लिहायचं, आणि मधल्या दोन वेळा तू द्यायचं. फक्त प्रत्येक वेळी देताना चिठ्ठीवर, डॉक्टरच्या सहीच्या वरच्या भागात, दुकानाचं नाव-पत्ता आणि तारीख टाकायची. सगळे शिक्का मारतात, तूही एक बनवून घे.

या शिक्क्याचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. माझ्या दुकानात एक गृहस्थ यायचे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड, पाठदुखीसाठी ट्रामाडॉल, चिठ्ठी नवी, सही बरोबर. मी द्यायची, रजिस्टरला लिहायची आणि चिठ्ठी तशीच परत करायची, शिक्का ड्रॉवरमध्ये कोरडा पडलेला. एकदा त्यांनी चिठ्ठी दिली ती खालून दुमडलेली होती, दोन बोटांनी धरून ठेवलेली, आणि मी ती घेताना घडी उलगडली. खाली दोन दुसऱ्या दुकानांचे शिक्के होते, एक आदल्या दिवशीचा आणि एक त्याच दिवशी सकाळचा, शाई अजून पुसट चिकटत होती. त्यांनी घडी केली होती ती शिक्के लपवायला. म्हणजे गावातले दुसरे दोघं शिक्का मारत होते म्हणून मला कळलं, आणि मी मारत नव्हते म्हणून त्यांना महिनोन्महिने कळलं नव्हतं. त्या दिवशी मी त्यांना गोळी दिली नाही, आणि ते गेल्यावर मात्र मला वाटत राहिलं की बसवून विचारायला हवं होतं. परत कधी आलेच नाहीत. म्हणून मगाशी स्टुलाचं म्हटलं तुला.

व्हॉट्सअॅपवरच्या फोटोचंही यात आलंच, आता सगळे पोरं बाहेरगावी आणि आईबाप इथे, फोनवर फोटो पाठवतात की काका एवढं घरी पोचवा. बीपी-शुगरच्या गोळ्यांना आपण सगळे डोळेझाक करतो ते करतो, पण एच१ ला नको. फोटोवर शिक्का कुठे मारणार? तोच फोटो दहा दुकानांत जातो आणि दहाही जण प्रामाणिकपणे देतात. आणि डॉक्टरनं फोनवर सल्ला देऊन चिठ्ठी पाठवली म्हणशील तर २०२० च्या टेलिमेडिसिनच्या गाइडलाइन्सनी एनडीपीएसमधली औषधं आणि शेड्यूल एक्समधली, म्हणजे एच१ पेक्षाही कडक यादीतली, औषधं प्रोहिबिटेड लिस्टमध्ये टाकलीत, त्यामुळे मास्तरांना प्रत्यक्षच न्यायला लागेल.

शेड्यूल एक्सचा विषय निघालाच तर एवढंच, की ते तुझ्या दुकानात नसेलच. त्याला नेहमीच्या २० आणि २१ नंबरच्या लायसनशिवाय २०एफ वेगळं लागतं, चिठ्ठी दोन प्रतींत, एक आपण दोन वर्षं ठेवायची, आणि माल कुलपात. लहान मुलांच्या एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न लागणं आणि अतिचंचलपणा यासाठी, लागणारं मिथाइलफेनिडेट त्यात येतं आणि त्यासाठी आईबाप चार-चार दुकानं हिंडतात. त्यांना 'नाहीये' म्हणून हात झटकू नकोस, जिल्ह्याच्या ठिकाणी २०एफ कुणाकडे आहे ते एकदा विचारून घे आणि एका कागदावर लिहून आत चिकटव, पुढच्या आईला तो पत्ता दे.

आता तुला वाटेल मी नियमांची फारच बाजू घेते. तसं नाही. नियम कडक केले की दुखणाऱ्याचे हाल होतात हे या देशानं बघितलंय. १९८५ चा कायदा आला आणि मॉर्फिन ठेवायचं म्हटलं की इतक्या परवानग्या लागायला लागल्या की हॉस्पिटलांनी ठेवणंच सोडून दिलं, अफू आपल्याच देशात पिकायची आणि कॅन्सरचे पेशंट इथेच तळमळत जायचे. ते बदलायला २०१४ साल उजाडलं, तेव्हा कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांना एकाच परवानगीवर मॉर्फिनसारखी सहा औषधं ठेवता येऊ लागली. म्हणून कुणी म्हणालं ना की नियम आहे म्हणजे शहाणाच असणार, तर मी हसते. पण चार रकान्यांचं रजिस्टर आणि एक शिक्का यानं कुणाचे हाल होत नाहीत. हाल होतात ते चिठ्ठी मागून पुढे काहीच न करण्यानं.

तर मास्तरांचं. चष्मा तुझ्या ड्रॉवरमध्ये आहे ना, मग याहून चांगलं निमित्त कुठलं पाहिजे, आणि चष्म्याशिवाय त्या माणसाला पेपरही वाचता येत नसेल. पोरीच्या नात्यानं जा, नवऱ्याला घेऊन जा. त्यांचा तो लाडका विद्यार्थी आहे म्हणतेस, मग त्यानं एकदा तरी मान हलवण्यापलीकडे काही करावं. आधी माफी माग, गोळी दिली नाही याची नाही, चार माणसांसमोर बोललीस त्याची. मग विचार की रोज नक्की किती घेता, आणि दुसरीकडून आणली का. दुसरीकडून आणली असली तर रागावू नकोस, तसं झालं असेल तर त्यांचे चार दिवस बरे गेले असतील, पण प्रश्न तसाच आहे. आणि त्यांना डॉक्टरकडे घेऊन जा. डॉक्टर बहुतेक गोळी लगेच बंद करणार नाहीत, हळूहळू, कित्येक आठवडे किंवा महिने घेऊन कमी करतील, आणि कदाचित या वयात थोडी चालू ठेवायचंही ठरवतील. ते त्यांनी ठरवायचं, मी नाही, तूही नाही आणि अण्णांनीही नाही. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचाराची ओपीडी असते, लाज वाटत असेल तर 'झोपेच्या डॉक्टरकडे जाऊ' म्हणा, माझं काही म्हणणं नाही. आणि रात्री-बेरात्री बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेलिमानसचा, मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात, तो एका पाठकोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या फोनजवळ ठेव. बायको गेल्यावर लागलेली गोळी आहे ती, झोप न येण्याचं कारण गोळीनं कधी विचारलंच नव्हतं.

अण्णांशी बोलायचं असेल तर गिऱ्हाइकासमोर नाही आणि जेवणाच्या ताटावरही नाही, तिथे ते सासरे असतात. दुकान बंद करताना, शटर अर्धं खाली ओढून गल्ला मोजून झाला की माणूस जरा मऊ असतो, तेव्हा बोल. 'तुम्ही नियम मोडता' असं म्हणू नकोस, त्यांनी एकतीस वर्षं रात्री दोनला उठून शटर उघडून लोकांना सलाईन दिलंय, त्यांना नियम मोडणारा म्हटलेलं झोंबणार. 'माझं नाव आहे अण्णा, मला भीती वाटते' एवढंच म्हण. खरंच आहे ते. आणि नुसतं म्हणून सोडू नकोस, हातात करण्यासारखं काहीतरी दे. एच१ चा माल एका ड्रॉवरला घ्या आणि किल्ली माझ्याकडे, कायद्यानं कुलूप फक्त शेड्यूल एक्सला लागतं पण आपण याला लावू. दुपारी एक ते चार तो ड्रॉवर बंद, बाकी कॉस्मेटिक, बेबी फूड, डायपर विकू देत. खरं तर त्या तीन तासांत चिठ्ठीवरचं कुठलंच औषध जायला नको, पण ड्रॉवरपासून सुरुवात करा. त्यांना राग येणार, पहिले दोन आठवडे ते दुपारी मुद्दाम तुला फोन करतील की अमक्याला ती गोळी पाहिजे, किल्ली घेऊन ये. जा. प्रत्येक वेळी जा. तिसऱ्या आठवड्यात ते स्वतःच गिऱ्हाइकाला सांगतील, चारनंतर या, सूनबाई असतात.

जुन्या महिनेवारी गिऱ्हाइकांची एक यादी काढ, झोपेची, फिटची, दुखण्याची गोळी कोण कोण नेतं, मास्तर एकटे नसणार, अण्णांच्या दुकानात असे दहा-बारा तरी निघतील. प्रत्येकाची गोळी कधी संपते ते पुढे लिही आणि आठ दिवस आधी फोन कर की काका चिठ्ठी नवी करून घ्या. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता भांडण होतं ते गोळी संपल्यावर चिठ्ठी मागितली म्हणून होतं, गुरुवारच्या आधीच्या गुरुवारी मागितली तर त्याला लोक काळजी म्हणतात. गावातल्या दोन-तीन डॉक्टरांनाही जाऊन भेट, त्यांना सांग की जुन्या पेशंटला 'तीन वेळा द्यावी' असं लिहून द्या, बऱ्याच जणांना असं लिहिता येतं हेच माहीत नसतं.

जे हे वाचताय आणि काउंटरच्या बाहेरच्या बाजूला उभे असता, त्यांनाही दोन शब्द. तुमच्या ओळखीच्या मेडिकलवाल्यानं चिठ्ठी मागितली की तो तुम्हाला नशेबाज समजतो असं नसतं, त्याला रकाना भरायचा असतो. मूळ चिठ्ठी जपून ठेवा, झेरॉक्सवर काम होत नाही. मुलाकडे तीन-चार महिने राहायला जाणार असाल तर डॉक्टरांना तसं सांगून लिहून घ्या, कारण अशा सायकोट्रॉपिक गोळ्या स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी शंभरपर्यंतच जवळ ठेवता येतात आणि त्यापुढे तीनशेपर्यंत ठेवायच्या तर डॉक्टरनं दीर्घ उपचारासाठी खास लिहिलेलं लागतं. आणि घरात आईवडिलांच्या उशाखाली लाल चौकटीची स्ट्रिप दिसली तर कधीपासून चालू आहे ते विचारा, पण स्वतःच उचलून फेकून देऊ नका, वर लिहिलंय का ते.

राहिली तुझी बाहेर नोकरी धरायची गोष्ट. धर की, कुणी अडवलंय, जिल्ह्याला चेन स्टोअर्स आहेत, हॉस्पिटल फार्मसी आहेत, पगार बरा मिळतो आणि कुकर लावायला घरी यावं लागत नाही. पण जायचंच झालं तर नुसती निघून जाऊ नकोस, आधी लायसनवरून नाव काढल्याचं एफडीएच्या, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाच्या, जिल्हा ऑफिसला लेखी कळव आणि पोच घे, नाहीतर तू तिकडे पगार घेशील आणि इकडे भिंतीवर तुझी फ्रेम तशीच राहील. माझा अंदाज विचारशील तर तुला दुकान सोडायचं नाहीये. सोडायचं असतं तर मास्तरांच्या चष्म्याबद्दल अर्धं पान लिहिलं नसतंस.

शिक्का बनवताना तारखेच्या चकत्या फिरणारा घे, आणि सकाळी दिवाबत्ती झाली की पहिली तारीख फिरव. मी एकदा विसरले होते आणि सोमवारभर शनिवारचीच तारीख मारली, सतरा चिठ्ठ्यांवर, मग सगळ्यांना फोन करत बसले.